शामालची मोरखी

१

“मुलींना घेता का? आणि घेत असाल, तर एका मुलीचे किती पडतात?”

हा प्रश्न माझा नव्हता. माझी मैत्रीण बेगिमाय आणि मागच्या बाकावरच्या सगळ्या जणींनी मिळून तो रचला होता. विचारलास तर पिशवीभर कुरुत, नाही विचारलास तर जन्मभर भित्री, अशी पैज लागली होती. कुरुत मला तसेही आवडतात. त्या दह्याच्या खारट, टणक गोळ्या चघळत मी अख्खं गणित सोडवू शकते. उभी राहिले आणि विचारलं.

सगळं सभागृह खदाखदा हसलं. व्यासपीठावर राजधानीतल्या सैनिकी कॉलेजातून आलेले मेजरसाहेब बसले होते. ते हसले नाहीत.

“घेतो,” ते म्हणाले. “मुलांच्या निम्म्या जागांना फी आहे. मुलींच्या जागांना नाही. जागा थोड्याच आहेत, पण त्याही दरवर्षी रिकाम्या जातात. परीक्षा तीच, धावायचंही तेवढंच. आणि शिकून झालं की आम्ही पाठवू तिथे सहा वर्षं नोकरी. पैशाऐवजी ती वर्षं द्यायची. अर्ज देऊ?”

हसणं थांबलं. मी म्हणाले, “द्या.” एवढं मात्र पैजेत नव्हतं. ते माझंच.

खरं तर त्या शुक्रवारचा मान माझ्या भावाचा होता. तिलेक आणि मी जुळे. तो काही मिनिटांनी मोठा आहे आणि तेवढ्या मिनिटांचा तोरा सतरा वर्षं मिरवतो आहे. आमच्या शाळेतून त्या कॉलेजात निवड झालेला तो एकटाच. फुकटची जागा थोड्या गुणांनी हुकली, फीची मिळाली. पैसे सोमवारपर्यंत भरायचे होते आणि त्यासाठी बाबा रविवारच्या बाजारात शामालला विकणार होते. शामाल म्हणजे आमचा करडा घोडा. रेवाल चालीचा. त्याच्या पाठीवर चहाची भरलेली वाटी घेऊन बसा, थेंब सांडणार नाही.

माझे बाबा, एसेन, पहिल्या रांगेत ताठ बसले होते. शेजारी आजोबा, पण ते मधेच नासवायची, म्हणजे तंबाखूची, चिमूट दाढेखाली धरायला बाहेर गेले ते परतलेच नाहीत. तिलेक “पोटात कळ आली” म्हणून उठून गेला. आई उशिरा आली आणि शेवटच्या रांगेत बसली. डोक्याला लग्नाकार्यातला रेशमी रुमाल.

“तुझ्या आईने मेजरसाहेबांसाठी ठेवणीतला काढला की काय!” बेगिमाय माझ्या कानात म्हणाली. मी तिला कोपर मारलं.

आम्ही सगळे घरी पोचलो तेव्हा तबेल्याचं दार उघडं होतं आणि शामाल नव्हता.

२

बाबांनी आधी शिव्या दिल्या, मग सगळीकडे शोधलं, मग पुन्हा शिव्या दिल्या. दार मोडलेलं नव्हतं. गव्हाणीत गवत अर्धवट खाल्लेलं. दावं जमिनीवर पडलेलं आणि तोंडावरची मोरखी खिळ्याला नीट टांगलेली.

“मोरखीसुद्धा काढून ठेवली!” बाबा ओरडले. “मोठा सभ्य चोर!”

“सभ्य कसला, हुशार,” जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं. “ही मोरखी म्हाताऱ्याने स्वतः विणलेली. खोऱ्यात कुठेही दिसली तरी लोक म्हणतील, हा एसेनचा घोडा. म्हणून नाही नेली.”

हे सगळ्यांना पटलं. मलाही. आजोबांनी मोरखी खिळ्यावरून काढली, एकदा निरखली, कोटाच्या आत खुपसली आणि घरात गेले.

नाव कोणाचं येणार ते ठरल्यासारखंच होतं. शेजारच्या सादिर बाइकेंनी (थोरल्या माणसाला आम्ही बाइके म्हणतो) महिन्याभरापूर्वी शामालला निम्म्या किमतीत मागितलं होतं. बाबांनी नाही म्हटल्यावर दुकानासमोर चार जणांत ते म्हणाले होते, “ताणू दे त्याला. घोडा शेवटी माझ्याच दारात येणार.” शुक्रवारी सभागृहात त्यांना कोणीही पाहिलं नव्हतं.

पोलीस तालुक्याला असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, सोमवारी बघू. सोमवार म्हणजे फी भरायचा शेवटचा दिवस.

“मग उद्या संध्याकाळी गावातले पांढऱ्या दाढीवाले बसतील,” बाबा म्हणाले. “सादिरला मधे उभा करतील. खरं बोलला तर घोडा देईल, खोटं बोलला तर या गावात त्याला कोणी सलाम करणार नाही.”

आई चहा ओतत होती. वाटी ओसंडून ताटलीत सांडली.

“अगं, लक्ष कुठंय?” बाबा म्हणाले.

“कुठे नाही,” आई म्हणाली.

मी त्या दिवशी मेजरसाहेबांना भर सभेत प्रश्न विचारला होता. त्यानंतर गावात असा माणूस उरला नव्हता ज्याला प्रश्न विचारायला मी घाबरावं. शनिवारी सकाळी मी बेगिमायला घेऊन थेट संशयिताच्या घरी गेले.

३

“या,” सादिर बाइके म्हणाले. “माझ्या गोठ्यात किती शेपट्या आहेत ते मोजायला बापाने पाठवलं का?”

“नाही बाइके. स्वतःहून आलोय.”

“मग चहा घ्या. चोराच्या घरचा चालतो ना?”

बेगिमायला काहीही चालतं. तिने आधी तळलेले बोर्सोक उचलले आणि मग बूट काढले.

मी सरळ विचारलं, “शुक्रवारी तुम्ही कुठे होतात?”

“इथेच. झोपलो होतो. साक्षीदार म्हणून मांजर आहे, हवं तर तिला बैठकीत ने.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला पण तो जमला नाही. “पोरी, मी बढाया मारतो, ते सगळ्यांना माहीत आहे. भाव पाडतो, तेही खरं. पण तीस वर्षं मी या बाजारात हातात हात देऊन सौदे केलेत. उद्या पांढऱ्या दाढ्यांसमोर उभं केलं की संपलं. मग माझ्या हातात कोण हात देईल?”

मी मान वर केली ती त्यांची नजर चुकवायला. दाराच्या वर एक जुनी मोरखी टांगली होती. तिच्या पट्ट्याला शेपटीच्या केसांचा एक झुबका बांधलेला.

“ही कोणाची?”

“गेल्या रविवारी गाय विकली, तिची.”

“गाय दिली आणि मोरखी ठेवलीत?”

“खुळी का तू?” सादिर बाइके खरोखर चिडले. “जनावर दारातून कायमचं जातं तेव्हा मोरखी देतं का कोणी? घरची बरकत जाईल त्याच्याबरोबर! मोरखी ठेवायची, चार केस ठेवायचे, त्याच्या तोंडाची लाळ आपल्या कपड्याने पुसून घ्यायची. हे तुझ्या आजाने नाही शिकवलं? मोबाइलवर शिकवत नाहीत वाटतं. अगं, मला तुमचा शामाल चोरायचा असता ना, तर मोरखी आधी उचलली असती. घोडा काय, म्हातारा होतो. बरकत होत नाही.”

बेगिमायचं चावणं थांबलं. माझंही.

दोघी अंगणात आलो तेव्हा ती म्हणाली, “पण गावातले म्हणाले ना, ओळख लपवायला मोरखी ठेवली?”

“ओळख लपवायची तर नदीत फेकायची. किंवा तिथेच पायाखाली टाकायची. नीट खिळ्याला कोण टांगतं?”

“मग?”

“त्याने घोडा नेला आणि बरकत आमच्याच घरात ठेवली,” मी म्हणाले. “असं परका करत नाही.”

४

आजोबा अंगणात उन्हाला बसले होते. मोरखी मांडीखाली.

“आजोबा, मोरखी दाखवा.”

“कशाला?”

“बघायचीय.”

“रोज बघायचीस तेव्हा कधी बघितली नाहीस.” त्यांनी थुंकी टाकली. “काल मेजरला काय विचारलंस म्हणे? मी बाहेर होतो, ऐकायला नाही आलं.”

“तुम्ही बाहेर कुठे होतात?”

“ओहो! आता मी पण?” ते खूश झाले. “विचार, विचार. शाळेच्या भिंतीपाशी बसलो होतो. एसेनने माझा घोडा विकायला काढला, त्या पैशाच्या गोष्टी मी कशाला ऐकू? बाजारात रेवाल चाल बघत नाहीत आता. किलो बघतात. शामालची सॉसेजं होतील, आणि माझा नातू त्यावर सलाम ठोकेल.”

“म्हणून तुम्ही त्याला नेलंत?”

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं सांध्यासांध्यात वाकलेली. अलीकडे त्यांच्या कोटाची बटणंसुद्धा आई लावते. “या हातांनी दाव्याची गाठ सोडून दाखव मला,” ते म्हणाले, आणि मांडी जराशी उचलली. अगदी जराशी. मला वाटतं, मुद्दामच.

मोरखीच्या गालपट्टीला आतल्या बाजूने करड्या केसांचा झुबका होता. त्याच्याभोवती लाल लोकर गुंडाळलेली, वेढ्याला वेढा लागून, एक धागा इकडे नाही की तिकडे नाही.

म्हणजे शामाल लपवलेला नव्हता. लपवलेलं जनावर परत येणार असतं, त्याचे केस कोणी ठेवत नाही. शामाल कायमचा गेला होता. आणि ज्याने त्याला दिलं त्याचा जीव या घराच्या बरकतीत होता.

तिलेक गोठ्यामागे सापडला. बसला होता. समोर शेजाऱ्याचं आजारी कोकरू आणि हातात दुधाची बाटली.

“शुक्रवारी पोटात कळ आली होती म्हणे.”

“आली होती.”

“कुठे गेला होतास?”

“शाळेमागे. ओकलो. बघायचंय का?”

“दादा.” मी त्याला दादा फक्त भांडताना किंवा फारच खरं बोलायचं असेल तेव्हा म्हणते. “तुला जायचंय का तिथे?”

त्याने कोकराचं तोंड पुसलं. खूप वेळ पुसलं. मग म्हणाला, “परीक्षेत मी शेवटचं पान कोरं सोडलं. सगळं येत होतं. मला वाटलं, फुकटची जागा गेली की बाबा म्हणतील, जाऊ दे, पैसे कुठून आणायचे. आणि बाबा म्हणाले, घोडा आहे ना!”

“आणि मग तू घोडा सोडलास.”

“सोडायला पाहिजे होता,” तिलेक म्हणाला. “मला सुचलंच नाही. शप्पथ. सकाळपासून तोच विचार करतोय, इतकं सोपं होतं आणि मला सुचलं नाही.”

मी त्याच्या पायाकडे पाहिलं. बुटाची नाडी नेहमीसारखी सुटलेली. हा मुलगा लोकर गुंडाळणार?

बाबांना तर घोडा विकायचाच होता, आणि ते पहिल्या रांगेतून हलले नव्हते. म्हणजे घरात एकच माणूस उरत होता. त्या माणसाचा विचार करताना मला एकदम बेगिमायचं कोपर आठवलं. म्हणजे मी तिला मारलेलं.

५

आमची आई वर्षानुवर्षं एकच निळा सुती रुमाल डोक्याला बांधते. धुते रविवारी, वाळवते चुलीपाशी, पुन्हा बांधते. रेशमी रुमाल लग्नाला आणि मयताला. आणि शुक्रवारपासून ती चहा ओतत होती, पीठ मळत होती, गाईचं दूध काढत होती ते रेशमी रुमालात. आमच्या घरात कोणालाच ते दिसलं नाही. दिसलं ते बाहेरच्या बेगिमायला, आणि तिलाही चेष्टा सुचली.

निळा रुमाल दोरीवर नव्हता. चुलीपाशी नव्हता. मी तो शोधला नाही, ठेवला कुठे असेल याचा विचार केला. बरकत घरात जिथे ठेवतात तिथे. पिठाची पेटी उघडली. पिठाच्या पिशवीवर भाकऱ्यांचं कापड, आणि त्याच्या घडीत निळा रुमाल. एका टोकाला कोवळ्या गवताचा हिरवा डाग, वाळून कडक झालेला. शामालच्या तोंडाचा.

“झाकण लाव. पिठात धूळ जाते,” मागून आई म्हणाली.

ती दारात उभी होती. तिच्या हाताला लाल लोकर लागलेली. दिवसभर ती पडदे विणते, बोरूच्या एकेका काडीवर रंगीत लोकर गुंडाळत, वेढ्याला वेढा लावून. एक धागा इकडे नाही की तिकडे नाही.

“मोरखीत केस आहेत,” मी म्हणाले. “त्याला तुझे वेढे आहेत. तू सगळे शाळेत गेल्यावर त्याला बाहेर काढलंस, रुमालाने त्याचं तोंड पुसलंस. मग रुमाल बांधण्यासारखा राहिला नाही, म्हणून रेशमी बांधून सभागृहात आलीस. उशिरा. आई, चोरी झाली असं दाखवायचं होतं तर मोरखी द्यायची ना त्याच्याबरोबर!”

“मोरखी देऊ?” तिला ते खरंच कळलं नाही. “घराबाहेर?”

“कोणाला दिलास?”

“कुबातला.”

कुबातमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. घाटापलीकडे राहतो. शुक्रवारी तो मित्राचा ट्रक घेऊन पुलापाशी आला होता. तो त्याच कॉलेजात शिकलेला, भिंतीवर त्याचा गणवेशातला फोटो आहे. दक्षिणेच्या सीमेवर सुरुंगावर पाय पडला, तेव्हापासून त्याला डावा पाय गुडघ्यापर्यंतच आहे. दुसऱ्या कुठल्या घोड्यावर बसला की धक्क्याने तिथे दुखतं. रेवाल चालीवर दुखणार नाही.

“शामालची आई माझ्याबरोबर माहेराहून आली होती,” आई म्हणाली. “कुबातनेच दिलेली, लग्नात. माझ्या घोडीचं शिंगरू मी माझ्या भावाला दिलं. मी चोरी केली नाही.”

“पण सादिर बाइकेंनी पण केली नाही!”

आई पेटीच्या काठावर बसली. “सोमवार उलटला की सांगणार होते. जागा गेली असती, मग बोलला असता तुझा बाप काय बोलायचं ते. सादिरवर येईल असं वाटलं नव्हतं.”

बाहेर बाबांनी खाकरून घसा साफ केला. बैठकीला जायच्या आधी ते नेहमी तसं करतात.

“तू सांगतेस,” मी म्हणाले, “की मी सांगू?”

६

आईनेच सांगितलं. चहा ओतता ओतता, एकदाही न थांबता. या वेळी एक थेंब सांडला नाही.

बाबा टोपी हातात घेऊन बसून राहिले. आमच्या घराण्यात खांद्यावर तारे असलेला कोणी नाही. एक तरी असावा, हे त्यांनी तिलेक चालायला लागला तेव्हापासून मनात धरलं होतं. त्यासाठी पहिल्या वर्षाला घोडा, दुसऱ्या वर्षाला गाई, पुढचं पुढे, असा त्यांचा हिशोब.

“मला विचारायचं होतंस,” ते शेवटी म्हणाले.

“तू घोडा काढलास तेव्हा मला विचारलंस?”

“त्याच्या भल्यासाठी काढला!”

“मी पण.”

आजोबांनी मांडीखालून मोरखी काढली आणि मधोमध ठेवली. “मला शुक्रवारीच कळलं होतं,” ते म्हणाले. “सूनबाईची लोकर मी ओळखत नाही होय? पण शामाल खाटकाकडे नाही गेला, एवढं कळल्यावर मी कशाला तोंड उघडू?”

“तुम्ही पण?” बाबा म्हणाले. “आणि सादिर? त्याला मी चोर म्हणालो, भर चौकात!”

“मग आता चौकातच जाऊन माफी माग. मीही येतो. तो भाव पाडेल, तेवढं सोस.”

तेव्हा तिलेकने कोऱ्या पानाचं सांगितलं. हळू आवाजात, चटईकडे बघत. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू चोरीची खरी बातमी आत्ता आली. मग टोपी खाली ठेवली.

“म्हणजे कोणालाच नको होतं,” ते म्हणाले. “मला एकट्यालाच.”

सायीच्या वाटीवर माशी बसली, ती हाकलायलाही कोणी हात हलवला नाही. मी खिशातून चार घड्या घातलेला अर्ज काढून मोरखीच्या शेजारी ठेवला. भरलेला होता. सही तेवढी बाकी, पालकांची.

आईने तो वाचला नाही, त्यावरचा शिक्का पाहिला. तो शिक्का तिने मामाच्या कागदांवर पाहिलेला आहे.

“फी नाही,” मी म्हणाले. “मुलींना फुकट आहे.”

“फुकट!” आई म्हणाली. “कुबातलाही फुकटच होतं. त्यांनी फी नंतर घेतली. गुडघ्याखालची.”

दर उन्हाळ्यात मामा आला की त्याचा लाकडी पाय रात्री माझ्याच खोलीच्या कोपऱ्यात उभा असतो, त्यामुळे त्या फीचं मला कोणी सांगायला नको. पण शुक्रवारी सगळं सभागृह हसत होतं आणि मी उभीच होते, तेव्हा माझे पाय लटपटले नव्हते. हेही मला कोणी सांगायला नको.

“आई, बाबा, ऐका,” मी म्हणाले. “तिलेक जाणार नाही. त्याला कोकरं सांभाळू द्या, त्यात तो हुशार आहे. मी जाणार. मुलींच्या जागांची परीक्षा जूनमध्ये आहे, मी शेवटचं पानसुद्धा लिहिणार आहे. माझ्या जागेसाठी घोडा विकायचा नाही, त्यामुळे घोडा नाहीसा करून मला थांबवता येणार नाही. थांबवायचं असेल तर समोर बसून भांडा, रोज भांडा, मी ऐकेन. मामाकडेही जाईन, तो काय म्हणतो तेही ऐकेन. पण सही करा, कारण मी जाणार आहे. आणि आई, तो निळा रुमाल धुऊ नकोस. मी निघेन त्या दिवशी माझंही तोंड पुसायला तुला लागेल.”